कंपनीच्या दारातले बूट

एमायडीशीत एका कंपनीच्या दाराशी मी चहा इकते. एक बाकडं, एक शेगडी, वर ताडपत्री. बाकड्याखाली सात जोड जुने बूट, पुढं लोखंडी टोप असलेले. तसल्या बुटाबिगर वाचमन कुनाला आत सोडीत न्हाई. चपलीवर आलेला गडी माझ्याकडचा जोड घालतो, सांजच्याला आनून ठिवतो. चहाचे पैसे, बूट फुकट.

श्रीगोंद्याचा एक फिटर हाय, त्यो बूट इसरायचं घरनंच ठरवून येतो. स्वताचे त्यानं लग्नकार्याला ठिवलेत. वाचमन पारनेरकडचा, मिशीवाला. गाडीतल्याला सलाम ठोकतो, पायी येनाऱ्याचे पाय बघतो. मला बी त्यो पायावरनंच वळखत आसंल.

सातवा जोड आमच्या मालकाचा, म्हंजे नवऱ्याचा. ह्याच कंपनीत त्यांच्या डाव्या पायावर लोखंड पडलं, दोन बोटं गेली. बोटं गेल्यावर कंपनीनं बूट दिले. मोकळ्या जागेत ते चिंधी कोंबायचे. ते वारले. चिंधी हाय तशी हाय.

औंदा पुन्याहून नवा साहेब आला. त्याला दारात ताडपत्री बरी दिसंना. सोमवारी उठायचं, असं वाचमननं माझ्या पायाकडं बघून सांगितलं.

सोमवारी साहेब पाव्हने घिऊन आला. पायात पांढरे मऊ बूट. गाडी भाईरच लावून चालत आला, तिथंच चुकला. वाचमननं सवयीनं पाय बघितले आन आडवा झाला. नियमाची पाटी साहेबानंच लावलेली. पाव्हने हसाय लागले. साहेब माझ्याकडं आला. त्याच्या मापाचा एकच जोड निघाला, सातवा.

"ह्यात चिंधी कसली?"

"दोन बोटांची जागा हाय ती. काढू नका."

त्यानं काढली न्हाई. चहा पिला, आत गेला. सांजच्याला गाडीत बसून तसाच गेला, आमचे बूट घालून.

दुसऱ्या दिशी वाचमन आला. म्हनला, मावशी, काल उठायचं हुतं की.

"माझे बूट आन. मग उठते."

चार दिसांनी त्यो कोरा जोड घिऊन आला, साहेबानं दिलाय म्हनून. मी ठिवून घेतला. फिटर तवाच चपलीवर आला, त्याच्या पायात बसला बी.

वाचमन म्हनला, आता तरी उठा.

म्या म्हनलं, हे फिटरचे झाले. मला चिंधीवाले पायजेत. आन दुधाचं पातेलं शेगडीवर ठिवलं.