आमच्या ह्यांनी रंगवलेली खिडकी

आमच्या ह्यांना बसता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत हो, पण बसणंच जमत नाही. जेवताना मध्येच उठतील, एकदा मिठासाठी, एकदा नळ गळतोय का बघायला. टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा उभ्याने बघतात. नाव नंदकुमार, पण मरोळमधली आमची अख्खी सोसायटी नंदू म्हणते, कारण कुणाचा पंखा करकरला, कुणाच्या दाराची कडी अडकली की हे हजर. माझ्या न्हाणीघराची कडी मात्र गेल्या दिवाळीपासून अडकलेलीच आहे.

ह्याचं मूळ आहे माझ्या सासऱ्यांत. सासरे गिरणीत होते. संप झाला, गिरणी काही परत उघडली नाही आणि सासरे चाळीतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. गावचं कुणी आलं आणि विचारलं, "काय करतास?" की एकच उत्तर, "बसलंय." म्हणजे नुसता बसलोय. सकाळी बसलंय, संध्याकाळी बसलंय. हे तेव्हा कॉलेजात. शिक्षण सोडलं आणि कामाला लागले. बाप असाच बसून बसून गेला. लग्न झाल्यावर मला एकदाच बोलले, "तो शब्द ऐकलो काय माझ्या पोटात गोळा येता गो." परत कधी विषय नाही.

ती खुर्ची आम्ही मरोळला आणली. सागवानी, जाड फळीची. टाकायची नाही आणि बसायचं पण नाही, असा ह्यांचा कायदा. बल्ब बदलायचा, जळमटं काढायची, तेव्हा तिच्यावर चढायचं, एवढाच तिचा उपयोग. मी एकदा टेकले तिच्यावर भाजी निवडायला, तर तोंड असं केलं की मी मुकाट्याने खाली बसले.

त्यात गेल्या वर्षी कंपनीतून रिटायर झाले आणि माझी वाट लागली. दिवसभर घरात येरझारा. डबे उचकटतात, झाकणं बदलतात, सुकलेले कपडे परत उन्हात घालतात. मी म्हटलं, "अहो, जुहूला फिरून या, चार माणसं भेटतील." गेले आणि तासाभरात परत. म्हणे, तिथे सगळे नुसते बसलेले असतात.

आता मूळ गोष्ट. आमची एकुलती एक ऋतिका, मुलुंडला दिलेली. पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरी. ऑफिस शेवटपर्यंत करणार म्हणून हट्ट, त्यामुळे यायचा दिवस ठरला पुढचा रविवार. डॉक्टरांनी दिलेली तारीख तर त्याच्याही बरीच पुढे. हॉस्पिटल दोन्ही घरांना मधलं पडावं म्हणून घाटकोपरचं. सगळं कसं झकास जुळवलेलं. आणि एवढ्यात फोनवर पोरगी हसत हसत बोलून गेली, "आई, आपल्या खिडक्या किती कळकट झाल्यात गं! बाळाचे फोटो काढायचे तर उजेड तिथेच आहे, आणि मागे ती खिडकी येणार."

फोन स्पीकरवर होता. हे ऐकत होते, उभे राहून.

खोटं नव्हतं तिचं. आमच्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या जुन्या. चौकटीवरून बोट फिरवलं की खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. पण म्हणून लगेच? दुसऱ्याच दिवशी हे रंगाचा डबा घेऊन दारात. दुकानदाराने सांगितलं होतं, आधी पॉलिश पेपरने नीट घासा, साबणाने धुवा, सुकू द्या, अॅल्युमिनियमचा प्राइमर वेगळा येतो तो लावा, मग रंग. ह्यांना एवढा धीर? दोन हात घासल्यासारखं केलं, ओल्या फडक्याने पुसलं, घरात ग्रिलसाठी आणलेला लाल प्राइमर पडला होता तोच फासला आणि तो हाताला चिकटत असतानाच वर पांढरा ऑइलपेंट. बापाच्या खुर्चीवर चढून, गाणं गुणगुणत. मी ओरडले, "अहो, रविवारी पोर बाळंतपणाला यायची आहे, हा वास कधी जाणार?"

"जाता गो दोन दिवसांत. तू गप रव."

हॉलची खिडकी झाली, आतल्या खोलीची झाली, न्हाणीघराच्या अॅल्युमिनियमच्या दाराची चौकट झाली. दिसत होतं छान, का खोटं बोलू? आणि त्याच रात्री ऋतिकाच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी सौरभचा, आमच्या जावयाचा फोन. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. लवकर आली पण वजन चांगलं, शनिवारी सोडणार.

मी आनंदाने रडले आणि रडताना नाकात ऑइलपेंट. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आता बघा, आमच्याकडे बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत. खिडक्या बंद, कानाला रुमाल, ओव्याची धुरी. माझं तसंच झालं, माझ्या आईचं तसंच झालं. पण खिडक्या बंद केल्या तर तो वास घरातच कोंडणार, आणि उघड्या ठेवल्या तर बाळंतिणीला वारा. वर आमच्या ऋतिकाला लहानपणी दमा. शेजारी कुणी व्हार्निश लावलं तरी हिची छाती वाजायची.

मी म्हटलं बघू, काढू काहीतरी मार्ग. पण संध्याकाळी सौरभ बाळाचे कपडे ठेवायला आला, आणि दारातच त्याला ठसका लागला. पोरगा चांगला आहे, वाकडं बोलला नाही. हळूच म्हणाला, "आई, इथे कसं आणायचं तिला?" मग विहीणबाई शुभाताईंचा फोन. त्याही गोडच बोलल्या, "काही वाटून घेऊ नका शेवंतीताई. आमची खोली तयार आहे. सव्वा महिना इकडेच राहू दे, तुम्हीच येऊन जाऊन करा ना." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून तर जास्त लागलं.

मी फोन ठेवला आणि फुटले. "झालं समाधान? घासा आता आयुष्यभर! लोकांच्या मुली माहेरी येतात, माझी नाही येणार. का? तर तिच्या बापाला गप बसवलं नाही!"

एरवी एका शब्दाला चार देणारा माणूस. हे खिडकीकडे बघत उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "शेवंती, पोर माझ्या घरात येवक होई होती." पोर आपल्या घरी यायला हवी होती, बस, एवढंच. ती खिडकी, तो रंग, सगळी धावपळ त्या एका गोष्टीसाठी चालली होती, हे मला तेव्हा कळलं. राग होताच, तरी ह्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला.

शुक्रवारी सकाळी उठले तर खर्र खर्र आवाज. हे खुर्चीवर चढून पत्र्याच्या पट्टीने रंग खरवडतायत. मी काही बोलायच्या आत एक लांबच्या लांब पापुद्रा निघून आला, दुधावरची साय निघते तसा. धड घासलं नव्हतं, धड सुकू दिलं नव्हतं, प्राइमर तो लोखंडाचा. रंगाने खाली धरलंच नव्हतं कुठे! ह्यांची घाई जन्मभर माझ्या मुळावर आली, पण त्या दिवशी तिनेच तारलं म्हणायचं.

मग मीही पदर खोचला. काचा उचलून गच्चीवर नेल्या. मी पापुद्रे गोळा करून पिशवीत भरतेय, हे खरवडतायत. खाचांमधला लाल प्राइमर निघेना, तर जुन्या टूथब्रशने घासला. सोडा घालून गरम पाण्याने चौकटी पुसल्या, एकदा, दोनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पडदे धुतले. पंखे दिवसभर चालू. दुपारी जेवायला बोलावलं तर उभ्यानेच भाकरी खाल्ली आणि परत चढले. बोटांना फोड आले होते. मी म्हटलं, "राहू दे आता." म्हणे, "अजून वास येता काय बघ." मी वास घेतला. येत होता. खोटं कसं बोलणार, पोरीच्या छातीचा प्रश्न. हे परत घासायला लागले.

संध्याकाळी मीच ऋतिकाला फोन केला. म्हटलं, "बाबांनी सगळा रंग काढलाय गं. तू दारात येऊन बघ. वास आला तर तशीच मुलुंडला जा, मी एक शब्द बोलणार नाही." तिने तिथूनच सौरभला विचारलं. मग म्हणाली, "येते. दारातून बघते."

शनिवारी दुपारी टॅक्सी खाली लागली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. ऋतिका उंबऱ्यात उभी. मागे सौरभ, त्याच्या हातात बाळ. हे आत भिंतीला टेकून, श्वास घ्यायचा विसरलेले. ऋतिकाने नाक वर करून वास घेतला. परत घेतला.

"ओव्याचा येतोय," ती म्हणाली. "आणि सोड्याचा." आणि पाय आत टाकला.

मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. कुठे पांढरा डाग, कुठे लाल ओघळ, कुठे पट्टीचे ओरखडे, पहिली कळकट होती ती परवडली. "अगंबाई! बाबा, काय वाट लावलीत ही!" आणि टाके दुखत असतानाही पोटाला धरून हसत सुटली.

हे हसले नाहीत. बाळाकडे बघत होते. सौरभ म्हणाला, "बाबा, घ्या की." आता उभ्याने एवढासा जीव कसा घेणार? फोडांनी बोटं तर वळत नव्हती. सौरभने इकडे तिकडे बघितलं आणि त्या बिचाऱ्याला काय माहीत, तीच खुर्ची पुढे ओढली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हे बसलेले होते, खिडकीपाशी, बापाच्या खुर्चीत, मांडीवर नात. तिने ह्यांचं फोड आलेलं बोट मुठीत धरलं आणि झोपून गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. शिरा झाला, सौरभ खाऊन गेला, ऋतिकाचा डोळा लागला. बाहेर येऊन बघते तर हे तसेच. पाय नाही हलवला, मान नाही वळवली. तेवढ्यात बेल वाजली. ह्या घरात बेल वाजली की हे माझ्या आधी दाराशी असतात, आंघोळीत असले तरी टॉवेल गुंडाळून. मी सवयीने वाटच बघत राहिले.

"शेवंती," हे कुजबुजले, "बघ गो कोण इला ता. मी बसलंय."

तो शब्द ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. दारात कोण होतं ते मला आजही आठवत नाही, माझे डोळे भरले होते.