साहेबाच्या पाट्या

मुक्या सिनेमात खोटं बोलायला वाव नसतो, असा माझा समज होता. तो मी स्वतःच खोटा पाडला, मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी भर दुपारी, आमच्या गावच्या मुंबईकरांसमोर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आणि नाहूरचा माझा एक मित्र मिळून फिल्म क्लब चालवायचो. म्हणजे प्रोजेक्टर तो चालवायचा आणि तोंड मी. वेड होतं जुन्या प्रवासपटांचं. बोलपट यायच्या आधी गोरे लोक हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन जगभर हिंडले, भेटतील त्या माणसांचे सण, नाच, लग्नं टिपून घेऊन गेले, त्या फिल्म. मध्येमध्ये इंग्रजी मजकुराच्या पाट्या यायच्या. त्या मोठ्यांदा मराठीत वाचून दाखवणं हे माझं काम. इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्याचा तेवढाच काय तो उपयोग.

बाबांकडे एकच किस्सा होता आणि तो ते गिरणीत, चाळीत, न्हाव्याकडे, कुठेही सांगायचे. ते लहान असताना मालवणकडच्या आमच्या वाडीत असाच एक साहेब आला. आमच्या घरी राहिला, घावणे खाल्ले, ‘आये, आये’ करत आजीच्या मागेमागे फिरला. गौरी नसताना त्याने हट्टाने तिला फुगडी घालायला लावली, ती टिपली आणि जाताना तिच्या पाया पडला. पुढे थोड्याच काळात आजी गेली. तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा आता आठवत नाही, हे मात्र बाबांनी फक्त मला सांगितलं होतं.

फोर्टातल्या एका परदेशी वाचनालयातून आम्ही रिळं उसनी आणायचो. तिथे कोकणावरच्या फिल्मचा डबा हाती लागला. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी ती लावून बघितली. फुगडी घालणाऱ्या बाईचं नाक थेट माझं होतं. मी खुर्चीतून उठून नाचलो. मग पाटी आली. ‘ही गावची चेटकीण. रोगाचं भूत हाकलण्यासाठी ती शुद्ध हरपेपर्यंत गिरक्या घेते. या लोकांना माणसांत यायला अजून अवकाश आहे.’

मी मित्राला म्हटलं, उद्या मी वेगळंच काहीतरी वाचणार. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबांसाठी ना? बिनधास्त वाच रे. मी मेलो तरी बोलणार नाही.”

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत बसले. पडद्यावर आजी आली तसे ते उभे राहिले. त्यांच्या डोक्याची सावली नेमकी आजीच्या अंगावर पडली, पण त्यांना बसा म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही. पाटी आली. मी वाचलं, “ही या गावची माउली. हिच्यासारखा पाहुणचार मी जगात कुठे पाहिला नाही.” टाळ्या पडल्या. तिथे थांबायचं की नाही? पण टाळी ऐकली की माझी जीभ सुटते. मी पुढे ठोकून दिलं, “आणि हिचा गळा, जणू कोकिळाच.”

हॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्या फिस्सकन हसल्या. आजीचा आवाज इतका घोगरा होता, की ती ओवी म्हणायला लागली की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची. मला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाबांना होतं. ते वळले, पण माझ्याकडे नाही, प्रोजेक्टरकडे.

“तू वाच रे. काय लिवलला हा?”

‘पाटी गेली, काका,’ एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण माझ्या मित्राने प्रोजेक्टर उलटा फिरवला. आजी उलट्या गिरक्या घेत मागे गेली, पाटी परत आली आणि त्याने ती मराठीत, बातम्या वाचाव्यात तशी स्पष्ट, सावकाश वाचली. चेटकिणीपासून अवकाशापर्यंत. एक शब्द गाळला नाही.

बाबा खाली बसले. मी जवळ जाऊन काहीबाही पुटपुटायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

“तो साहेब आमच्या तोंडार एक बोललो आणि पाठसून दुसरा लिवल्यान. तू काय वेगळा केलंस?”

उरलेली फिल्म पाट्या न वाचताच संपली. बाबांनी ती पाहिली की नाही, कोण जाणे. मान खाली होती.

मित्राला मी जिन्यात गाठलं. तो रीळ डब्यात भरत म्हणाला, “त्यांनी विचारलं यार. आणि पाटी ती पाटी.” वर मलाच म्हणाला, कोकिळा कशाला घातलीस?

साहेबाचा किस्सा बाबांनी परत कधी सांगितला नाही. न्हाव्याने आठवण काढली तर म्हणायचे, होतो कोणतरी. पुढे गिरणीचा एक इंग्रजी कागद घरी आला. मी समोरच चहा पीत बसलो होतो. बाबांनी कागदाची घडी शर्टाच्या खिशात घातली, चपला पायात सरकवल्या आणि त्याचा अर्थ विचारायला ते चालत नाहूरला, माझ्या त्या मित्राकडे गेले.