कमलताईंचा भाड्याचा मोर्चा

भांडुपच्या डोंगरउतारावर कोणालाही विचारा, गर्दी हवी असली की कमल इंगळेला फोन करायचा. मढच्या बंगल्यात लग्नाचा सीन असो की मालाडला मयताचा, पन्नास बायका वेळेवर हजर. रडणाऱ्या हव्यात तर तशा, नाचणाऱ्या हव्यात तर तशा. सिनेमावाल्यांची कितीतरी मयतं बाईनं एकटीनं निभावून नेली.

स्वतःच्या गल्लीत मात्र तिला गर्दी काही जमेना. गल्लीच्या तोंडाशीच देशी दारूचा गुत्ता, आणि त्या गुत्त्यात तिचा मुलगा प्रितम. डिलिव्हरीची बाईक पिऊन झाली होती पठ्ठ्याची, आता लिव्हरची पाळी होती. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, "याची दारू सोडवा, नाहीतर हा वर्ष काढत नाही." गुत्ता बंद करायचा तर कायदा आहे. वॉर्डातल्या पाव हिस्सा बायकांनी अर्जावर सह्या केल्या की मतदान होतं, बाटली उभी की आडवी; आडवी जिंकली की गुत्ता बंद. बुलढाण्याकडे कमलच्या आईनं अख्ख्या गावाची बाटली आडवी केली होती. आणि इथे तीन वर्षांत सह्या किती? अकरा! बायका म्हणायच्या, "पटतंय गं ताई, पण नवरा हाडं मोडील ना." सख्खी सून सपना, तीसुद्धा मान खाली घालून म्हणाली, "नको आई. त्यांना कळलं तर?" कमलनं तिला पुन्हा विचारलं नाही, पण ते मनाला लागलं ते लागलंच.

अशात अंधेरीहून मनालीचा फोन आला. ही जाहिरात कंपनीतली पोरगी. तिच्या मिहिर नावाच्या दाढीवाल्या गिऱ्हाइकानं जुन्या गाळ्यात बिअर बनवायचा उद्योग थाटला होता. बिअरमध्ये म्हणे कोकम आणि कढीपत्ता. अरे मग सोलकढीच पी ना बाबा! आणि बिअरचं नाव काय, तर ‘आडवी बाटली’. दारूबंदीची घोषणा चिकटवली दारूलाच! लोक भडकावेत, बोंबाबोंब व्हावी, म्हणून ठेवलेलं नाव. पण महिना झाला तरी मेलं कोणी भडकेना. म्हणून आता भडकणाऱ्या बायका भाड्यानं हव्या होत्या.

"आमच्याच दारात मोर्चा आणायचा, कमलताई. व्हिडिओ व्हायरल होणार, मिहिर माफी मागणार, नाव तेच राहणार."

"म्हणजे तुम्हाला शिव्या घालायला तुम्हीच बोलावताय?"

"एक्झॅक्टली!"

आईच्या घोषणा या दाढीवाल्याच्या दारात विकायच्या? कमल नाही म्हणणारच होती, तेवढ्यात मनाली म्हणाली, "बायका सह्या करताना दिसायला हव्यात. एखादा अर्ज मिळेल का हो? अगदी ओरिजिनल वाटणारा?"

तीन वर्षं कमलच्या पिशवीत पडून होता तो अर्ज. "आहे की," ती म्हणाली. मनालीनं हौसेनं त्याच्या चकचकीत प्रती छापून आणल्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, ते हे असं.

आणि शूटिंग म्हटल्यावर काय विचारता! ज्या नवऱ्यांच्या भीतीनं सह्या अडल्या होत्या, त्यांनीच बायकांना बसपर्यंत सोडलं. "आमची ही टीव्हीवर येणार" म्हणून दोघांनी त्या आनंदात गुत्त्यावर एकेक लावलीसुद्धा. एकशेचाळीस बायका निघाल्या. एक कमी पडत होती म्हणून कमलनं सपनालाही बसमध्ये चढवलं.

बसमध्ये तिनं अर्ज वाटले. "नाव, मतदार कार्डाचा नंबर, सगळं खरं लिहायचं. सही तेवढी कॅमेऱ्यासमोर."

"खरं कशाला गं? शूटिंगच आहे ना?"

"ओरिजिनल दिसायला हवं. मॅडमचा हुकूम आहे."

हे सांगताना कमल हसली नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग एकेकीनं चष्मा चढवला, पर्स उघडली, कार्ड बाहेर आलं.

गाळ्यासमोर मनाली खोट्या रडण्यासाठी ग्लिसरीनची बाटली घेऊन धावत आली. "ठेवा ती," म्हणत कमलनं आईची घोषणा दिली. दुसऱ्याच ओळीला तिला प्रितम आठवला, आणि बाई रस्त्यावर बसून हमसून रडली. मिहिरनं टाळ्या वाजवल्या. "सुपर्ब, ताई! अजून एकदा?"

"हे परत नाही होत, साहेब."

मोर्चा संपल्यावर मनाली अर्ज कचऱ्याच्या पिशवीत कोंबायला लागली. कमलनं ते तिच्या हातातून काढून घेतले, आणि एवढ्या रद्दीचं ही काय करणार, हे मनालीनं विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी प्रितम झुलत घरी आला. गुत्त्यावर सगळ्यांनी व्हिडिओ बघितला होता. "आई, काय रडलीस गं! झकास! शूटिंग होतं ना?"

कमलनं गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. "उद्या दारूबंदीच्या ऑफिसात देणार आहे. सह्या पुरेशा नाहीत, पण आता बाकीच्याही करतील. वाच."

तो हसत हसत पानं उलटू लागला. शेजारणी, मित्रांच्या बायका, गुत्तेवाल्याची वहिनीसुद्धा. मग एका पानावर त्याचं बोट थांबलं. सपना प्रितम इंगळे. पेन इतकं दाबलेलं, की तिथे कागद फाटला होता.

त्यानं वर बघितलं. सपना ओट्यापाशी उभी होती, आणि या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"शूटिंग नव्हतं," ती म्हणाली.