गोटादेवाचं वळण

देव देवळात असावा, सरकारी रस्त्यात नसावा, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास बपेऱ्याकडच्या राज्य रस्त्यावर मी मिस्त्री होतो. नदीच्या खोल दरीला लागून जाणारा तो देखणा रस्ता. एका वळणावर, अगदी कड्याला, गोटादेव होता. गोटादेव म्हणजे नुसता गोट्यांचा ढीग. येणारा-जाणारा एक गोटा टाकून हात जोडायचा. एकदा खडी कमी पडली आणि मी शहाण्यानं तो ढीगच फोडायला लावला. जवळच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, सखूआजी आडवी आली. "माह्या देवाले काहून फोडता जी?" मी म्हणालो, "आजी, तुझा देव आता रस्त्याच्या कामी येऊन राहिला!" मजूर हसले. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी श्रावणात माझी बायको अडली. सुईणीनं हात टेकले. भरदुपारी तिला जीपमध्ये घालून तुमसरला निघालो. त्या वळणावर डोंगराचं पाणी रस्ताभर पसरलं होतं. रस्ता कुठं संपतो, दरी कुठं लागते, काही कळेना. ड्रायव्हर म्हणाला, "पयले ढीग दिसे, मिस्त्री. आता काय पाहून चालवू?" बायको कण्हत होती. ज्याची मी खडी केली, त्याचाच धावा केला.

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली सखूआजी दिसली. बरोबर ढिगाच्या जागी, पोटरीभर पाण्यात उभी. "मले पाहून डोंगराकडून काढ गाडी!" ती ओरडली. जीप तिच्याजवळून पार झाली. मी विचारलं, "आजी, तू इथं कायले?"

"देव तं तुमी उचलून नेला, बाबू. मंग कोनीतरी उभं राहाले पायजे ना!"

मुलगी झाली, दोघी वाचल्या. आजीकडे मात्र 'उद्या जाऊ, उद्या जाऊ' करत राहिलो. दिवाळीनंतर लुगडं घेऊन गेलो, तर ती जाऊन पंधरा दिवस झाले होते. सून म्हणाली, "पावसाभर पान्यात उभी राहे. आयकेच ना कोनाचं." लुगडं माझ्या हातातच राहिलं.

माफी कुणाची मागणार? नदीतून एक गोटा आणून त्या जागी ठेवला आणि डोकं टेकलं. मदतीला देव आला की आजी, हे ठरवणारा मी कोण? जे कुणी आलं, त्यानं मला पार नेलं, एवढं खरं. त्या रस्त्यानं जाताना दर वेळी वाकून एक गोटा ठेवतो. तेवढा वेळ तरी माझी मिस्त्रीगिरी गळते. लोकही टाकू लागले, माझ्या मुलीनंही टाकला. आता ढीग कमरेएवढा झाला आहे. पाऊस लागला तरी तिथं कुणाला उभं राहावं लागत नाही.