पिक्चरातलं गाऱ्हाणं

भावाच्या सिनेमाचा दुसरा भाग आला त्या शुक्रवारी मी ऑफिसला दांडी मारली आणि कांजूरमार्गच्या आमच्या घरात सकाळपासून परीक्षणं वाचत बसले. भाऊ मोबाइल बंद करून आतल्या खोलीत पडला होता. वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात माझंच काळीज निबर आहे असा सगळ्यांचा समज आहे.

सिनेमा म्हणजे भुताखेतांच्या पाच वेगवेगळ्या गोष्टी, आणि सगळ्या कुणाला तरी सापडलेल्या व्हिडिओंतून दाखवलेल्या. कुठे लग्नाच्या शूटिंगची जुनी कॅसेट, कुठे सोसायटीचा सीसीटीव्ही, कुठे हरवलेला मोबाइल. पहिला भाग भावाने आणि त्याच्या मित्रांनी हातातल्या मोबाइलवरच केला होता. लोक खरोखर टरकले, परीक्षकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या भागाला निर्माता मिळाला, मोठा कॅमेरा मिळाला, आणि भीती तेवढी कुठे सांडली देव जाणे.

पहिला भाग कुजबुजत होता, हा बोंबलतो, असं एकाने लिहिलं होतं. जीव मुठीत धरून पळणारा माणूस मोबाइल इतका सरळ कसा धरतो, असं दुसऱ्याने विचारलं होतं. तिसऱ्याला पाचही गोष्टी फ्रिजमध्ये उरलेल्या भाज्यांसारख्या वाटल्या. मी एकेकाला तोंडभरून शिव्या देत होते आणि मनात मात्र पटत होतं. राग त्याचाच जास्त येत होता.

सगळ्यांनी एकमताने झोडपली ती तिसरी गोष्ट. ती भावाची स्वतःची होती आणि तिच्यात आमचे बाबा होते.

बाबांचं आयुष्यभर कुणी फारसं ऐकलं नाही. कारखान्यात साहेबाने नाही, घरी आईने नाही. पण आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची पूजा असली की बाबा नारळ हातात घेऊन देवासमोर उभे राहायचे आणि सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे. हॉल चिडीचूप व्हायचा. त्याआधी बायका-पुरुष येऊन त्यांच्या कानात आपापलं सांगून जायचे. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाचं रखडलेलं लग्न, कुणाचं दुखणं. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि मग एकेकाचं मोठ्याने देवाला सांगायचे, आणि प्रत्येक मागणीला अख्खा हॉल ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. एवढा एकच मान त्यांना होता आणि तो त्यांनी जिवापाड जपला होता, कारण त्यांच्याकडून कधी कुणाचं सुटत नसे.

भावाला ते सिनेमात हवं होतं. त्याने भुताला बोलवायची वाक्यं लिहून आणली. बाबांनी कागद परत केला.

“नारळ हातात घेतलो काय खोटा बोलाक येत नाय. घालूचा तर खरां गाऱ्हाणा घालतलंय.”

“घाला ओ बाबा, काय हवं ते घाला,” भाऊ म्हणाला. “मालवणी कोणाला कळतंय? खाली सबटायटल टाकीन मी.”

शूटिंग घरातच झालं. दिवे घालवले होते, मी दारात उभी होते. बाबांनी डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा, माझ्या झिलान जो काय ह्यो पिच्चर काढलो हा, तेका येश दी. तेका चार माणसांत उबो कर.” कॅमेऱ्यामागची पोरं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली. मला रडू आलं. पिक्चरमध्ये खाली इंग्रजीत मात्र रक्त, स्मशान आणि सात पिढ्यांचा शाप आला, आणि वरच्या घोंघावत्या संगीतात बाबांचे शब्द अर्धेमुर्धे बुडाले.

परीक्षकांनी लिहिलं, म्हातारा नारळाशी बोलत राहतो आणि आपण घड्याळाशी. नवखा नट, भडक अभिनय, कात्री लावायला हवी होती.

बाबा चहा घेऊन शेजारी येऊन बसले. परीक्षणं इंग्रजीत होती आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

“माझ्याबद्दल काय लिवल्यानी?”

“आवाज मोठा आहे म्हणतात.”

“आसाच,” बाबा म्हणाले आणि खूश झाले.

परीक्षणांवरच थांबलं असतं तर सिनेमा पडला, संपलं, असं झालं असतं. पण सिंधुदुर्गातल्या कुणा रीलवाल्याने तो तुकडा पाहिला, आणि त्याला शब्द न् शब्द कळला. भुताला बोलावण्याच्या प्रसंगात म्हातारा पिक्चर चालू दे म्हणून देवाला साकडं घालतोय, आणि तरी पिक्चर आपटला! त्याने खरा अर्थ खाली लिहून तो तुकडा टाकला आणि सगळा महाराष्ट्र हसत सुटला. ज्या परीक्षकांनी सिनेमा विसरायचा ठरवला होता त्यांनी तो नव्याने उकरून काढला. आपल्याच यशाची भीक मागणारा पहिला भयपट, असं एकाने लिहिलं. निर्मात्याने भावाचा फोन उचलायचं बंद केलं. तिसऱ्या भागाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. भाऊ आता बोरीवलीत एका स्टुडिओत लोकांच्या साखरपुड्याचे व्हिडिओ कापतो आणि कुणाशी धड बोलत नाही.

बाबांना तो तुकडा मंडळाच्या ग्रुपवर आला. ते भडकतील म्हणून मी तयारीत होते. ते हसले. मग पुन्हा लावून पाहिला. रस्त्यात लोक ओळखायला लागले, सेल्फी काढायला लागले, आणि बाबा दाढी करूनच भाजीला जायला लागले. मला हे बघवत नव्हतं. बोलणार तरी काय? मंडळाबाहेर त्यांचं पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं.

मग घाटकोपरच्या हॉलमध्ये मंडळाची पूजा आली. गाऱ्हाण्याआधी गावाकडची एक बाई बाबांकडे आली. नवरा नाही, एकुलती एक मुलगी हॉस्पिटलात.

“काकांनू, सोमवारी चेडवाचा आपरेशन आसा. तेवढा घाला हां.”

“घालतंय गो,” बाबा म्हणाले.

बाबांनी नारळ उचलला तसे मोबाइल वर झाले. मागून कुणीतरी ओरडलं, “पिक्चरातला घाला ओ!” हशा पिकला. बाबा किंचित उजेडाकडे वळले. मग त्यांनी ते म्हटलं, अगदी तसंच, पिक्चरातल्यासारखं थांबत थांबत, “माझ्या झिलान जो काय ह्यो पिच्चर काढलो हा...” हॉल हसत हसत ‘व्हय म्हाराजा’ ओरडला. बाबांनी आणखी रंगवलं. टाळ्या पडल्या, नारळ फुटला, लोक पानांवर बसायला धावले.

ती बाई तिथेच उभी होती. खोबऱ्याच्या तुकड्यासाठी तिने पदर पुढे केला होता.

“काकांनू, माझ्या चेडवाचा घालूचा रवला काय ओ?”

बाबांनी फुटलेल्या नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मनात घातलंय मी,” ते म्हणाले.

गाऱ्हाणं मनात घालत नाहीत. ते मोठ्याने घालायचं असतं आणि सगळ्यांनी त्याला हो म्हणायचं असतं. तिलाही ते ठाऊक होतं. “बरां,” ती म्हणाली, खोबरं पदरात बांधलं, आणि न जेवताच निघून गेली.