हाळीशिवाय उडी नाही

भवानी पेठेच्या मागच्या अंगाला, जिथं पूर्वी पेठ संपून मळे सुरू होत, तिथं एक जुनी दगडी विहीर आहे. मळे गेले, त्या जागी पत्र्याची गोदामं आली. विहीर मात्र तशीच राहिली. या विहिरीत पेठेतली निदान तीनशे पोरं पोहायला शिकली आणि त्या सगळ्यांना एकाच माणसानं शिकवलं. ते म्हणजे गौसचाचा.

चाचा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. पाळी दुपारची असे, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सहा ते नऊ ते विहिरीवर. नव्या पोराच्या पाठीला गोडेतेलाचा झाळून बंद केलेला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोरी, आणि त्याला पाण्यात सोडायचं. रडणाऱ्या पोराकडं ते फारसं लक्ष देत नसत. जे पोर उगाच मोठ्यानं हसे, त्याच्यावरून मात्र त्यांची नजर हलत नसे. आठवड्यानं डबा सुटे, महिन्यानं दोरी सुटे, आणि मग ते पोर मोटवणीवर चढायला मोकळं होई.

मोटवण म्हणजे मोट ओढण्यासाठी विहिरीच्या काठावर बांधलेला उंच दगडी कट्टा. खाली पाणी चार पुरुष खोल, म्हणजे चार माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील एवढं. मोटवणीवरून सूर मारला की पोराचा हुद्दा वाढायचा. पण एक नियम होता. चाचा आधी पाण्याकडं बघत, खाली कोणी नाही ना हे पाहत, आणि मगच हाळी देत, “सोड!” त्या हाळीशिवाय उडी नाही. मोडणाऱ्याला आठ दिवस घरी बसावं लागे, मग तो कितीही मोठ्या बापाचा असो. सव्वीस उन्हाळ्यांत एकाही पोराला दवाखाना दाखवावा लागला नाही.

चौदा वर्षांपूर्वी चाचांनी हे सगळं एकाएकी बंद केलं. दम लागतो, असं लोकांना सांगितलं. खरं कारण फक्त मदिनाबीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं.

गणेशोत्सवात आजूबाजूच्या मंडळांच्या मूर्ती याच विहिरीत विसर्जित होत. मोठी मूर्ती काठावरून ढकलणं कुणालाच बरं वाटत नसे, म्हणून मंडळाची पोरं चाचांना बोलावत. चाचा आंघोळ करून, धुतलेली लुंगी नेसून येत. मूर्तीच्या पाटाला खालून हात देत ते तिला विहिरीच्या मध्यापर्यंत नेत आणि अलगद सोडत. त्यांच्या हातून गणपती तिरका गेला असं कधी झालं नाही, आणि मंडळंही पहिला प्रसाद त्यांच्याच हातावर ठेवत. तेव्हा मूर्ती शाडूच्या असत. आठ दिवसांत त्यांचा चिखल होई. पुढं प्लास्टरच्या आल्या. उंच, वजनदार, पोटातून लोखंडी सळ्या घातलेल्या. त्या विरघळत नव्हत्या.

शेवटच्या वर्षी एक मोठी मूर्ती सोडताना चाचा तिच्याबरोबर थोडे खाली गेले आणि त्यांचा पाय कशावर तरी टेकला. जिथं तळ तीन पुरुष खाली असायला हवा होता तिथं. पाय गुळगुळीत गोलाईवरून घसरला, आणि अंगठ्याला मुकुटाची कड लागली. काय लागलं हे त्यांना तत्क्षणी कळलं. ते वर आले, काठावर बसून राहिले. लोकांना वाटलं, दमले. घरी येऊन त्यांनी मदिनाबीला सांगितलं आणि पुन्हा त्या पाण्यात पाऊल टाकलं नाही. पुढं तीन-चार वर्षं मंडळं मूर्ती काठावरूनच सोडत होती. मग विसर्जन दुसरीकडं गेलं. विहिरीवर जाळी पडली, आणि ही गोष्ट दोन माणसांत राहिली.

यंदा एप्रिलमध्ये शरणबसव चाचांच्या घरी आला. त्याचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. वय सत्तेचाळीस, पण चाचांसमोर आला की तो अजूनही चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवतो. शाळेतल्या सोबत्यांचा त्यांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी कुणीतरी जुन्या सुट्टीचा विषय काढतो. काडेपेट्यांचे छाप, सायकलच्या टायरचा गाडा, पाणी भरलेल्या बल्बमधून आणि आरशातून भिंतीवर पाडलेले फिल्मच्या तुकड्यांचे सिनेमे. बोलून बोलून त्यांनी ठरवलं होतं की मेच्या पहिल्या रविवारी सगळं पुन्हा करायचं, आपापली मुलं घेऊन. मुलांना कळू दे, मोबाइलआधी काय होतं. गोट्या, भोवरे, विटीदांडू, आणि शेवटी विहीर. जागेच्या मालकाला विचारून जाळी काढली होती, वरचं शेवाळ आणि प्लास्टिक उपसून पाण्यात तुरटी फिरवली होती.

“पाणी कसं निवळशंख दिसतंय, चाचा. पयला सूर मी मारणार. हाळी तुमी द्यायची,” शरणबसव म्हणाला. “तुमच्या हाळीबिगर मजा न्हाय की.”

चाचांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी विचारलं, पाणी कुठवर आहे. पूर्वीसारखंच, चौथ्या पायरीला, असं उत्तर आलं. विहिरीतून कोणी उपसतच नव्हतं, त्यामुळं पाण्याची पातळी बरोबर होती. वरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नव्हतं. चाचांच्या डोळ्यांसमोर मात्र बावीस किलोचा शरण्या नव्हता; ब्याण्णव किलोचा माणूस होता, डोकं खाली करून जाणारा.

तो गेल्यावर मदिनाबी आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“सांगना तो पडेगा जी,” ती म्हणाली. “पन पानी की बात बोलो. मूरत की नक्को बोलो.”

चाचांनाही तेच हवं होतं. पाण्यात मूर्ती आहेत एवढंच सांगून चालणार नव्हतं. आहेत हे सगळ्यांनाच माहीत होतं. बुडवल्या म्हणजे विरघळल्या, असं सगळे धरून चालले होते. नाही विरघळल्या, हे तुम्हाला कसं कळलं, असा पुढचा प्रश्न येणार. आणि त्याचं उत्तर त्यांच्या पायाशी येऊन थांबत होतं. पेठेत त्यांना आयुष्यात कुणी वेडंवाकडं बोललं नव्हतं. पण अलीकडं माणसं कोणत्या वाक्याला काय धरतील, याचा अंदाज त्यांना येईनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि म्हणाले की साचलेलं पाणी आहे, कानात गेलं तर पोरांना त्रास होईल. शरणबसवनं ते मनावर घेतलं. बाटलीत पाणी भरून तपासायला पाठवलं, पावडर टाकली आणि चार दिवसांनी कौतुकानं चाचांना निरोप दिला की आता काळजी नाही. मग चाचा म्हणाले, मोटवणीचा दगड हलतो. ही तर साफ थाप होती. शरणबसवनं गवंडी आणून दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरलं, वर लोखंडी कठडाही लावून घेतला. चाचांनी काढलेल्या प्रत्येक अडचणीनं ती उडी अधिकच पक्की होत गेली.

त्या दिवसांत चाचांचं जेवण कमी झालं. दुपारी ते गोदामांच्या आडोशानं विहिरीवर जात आणि काठावर उभे राहत. पाणी वरवर हिरवट निळं, स्वच्छ. हातभर खालपर्यंत दिसे, त्याखाली काही दिसत नसे. एकदा त्यांना बरोबर बांबू न्यावासा वाटला. पण गोदामाचा राखणदार बघत होता. एक मुसलमान म्हातारा गणपतीच्या विहिरीत बांबू घालून ढवळतोय, हे त्याला कसं दिसेल, या विचारानं ते तसेच परत आले.

रविवारी पेठेत नुसता कल्ला होता. टकलं पडलेली माणसं गुडघे टेकून गोट्या खेळत होती. एकाचा भोवरा दुसऱ्याच्या पायावर बसला आणि तो ‘माझी गुडघ्याची गोळी अजून लागू व्हायचीय रे’ म्हणत खाली बसला. मुलं आधी लांबून बघत होती, मग हळूहळू शिरली. शरणबसवची मुलगी अक्षता, सातवीतली, सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरण करत होती. चाचांना शाल दिली, नारळ दिला. कुणीतरी त्यांच्या पाया पडलं. ऊन चढलं तशी सगळी माणसं विहिरीकडं निघाली.

शरणबसव बनियन आणि हाफपँटवर मोटवणीवर चढला. खाली टाळ्या, शिट्ट्या. त्याच्या पोटावरून चेष्टा झाली. विहीर उतू जाईल, कपडे काठापासून लांब ठेवा रे. त्यानं हात जोडून वर केले, पायांची बोटं दगडाच्या कडेला घट्ट धरली आणि मान वळवून चाचांकडं बघितलं.

हाळी आली नाही.

माणसं थांबली. मग कुणीतरी हसलं, चाचा विसरले वाटतं. दुसरा म्हणाला, आपणच मोजू, आणि सगळ्यांनी सूर धरला, “एक... दोन...”

“शरण्या, मागं सर,” चाचा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. पण मोटवणीवरच्या माणसाला तो आवाज दहाव्या वर्षापासून पाठ होता. तो एक पाऊल मागं सरला.

“खाली पाणी न्हाय. चार पुरुष न्हाय, एक पुरुषबी न्हाय. खाली मूर्ती हायत, सळ्यासकट, उभ्या. विरघळल्या न्हायत.”

तुम्हाला कसं माहीत, असं गर्दीतून कुणीतरी विचारलं. वाईट हेतूनं नाही, सहज.

चाचांनी शालीचं टोक मुठीत धरलं. “माझा पाय पडला होता,” ते म्हणाले. “देवाच्या डोक्यावर. चौदा वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं न्हाय.”

शरणबसव खाली उतरला. सावलीसाठी घातलेल्या मांडवाचा उरलेला बांबू त्यानं स्वतः उचलला, मोटवणीच्या बरोबर खाली पाण्यात उभा सोडला. बांबू छातीइतकाही आत गेला नाही आणि कशावर तरी कचकन थांबला. त्यानं तो चार जागी टेकवून बघितला. दर वेळी तसाच आवाज. मग बांबू वर काढला तर टोकाला गंज लागला होता. शरणबसवनं आपल्या मानेवर हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला.

माणसं मुलांचे हात धरून मागं सरली. सरबताचं पिंप तसंच राहिलं. जाताना काहींनी चाचांना नमस्कार केला, काहींनी केला नाही. आणि ज्यांनी केला नाही त्यांत चाचांनी पोहायला शिकवलेले दोघे होते. ते चाचांच्या ध्यानात राहिलं.

अक्षतानं बापाला बाजूला घेऊन सांगितलं की ती सुरुवातीपासून चित्रीकरण करत होती आणि नेहमीसारखं तिनं ते लगेच बापाच्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं. शरणबसवनं काढून टाक म्हटलं. तिनं काढलं. पण तोवर कुणीतरी पुढं पाठवलं होतं, आणि पूर्ण नाही; फक्त चाचांचं शेवटचं बोलणं, अकरा सेकंदांचं. बांबू त्यात नव्हता. मोटवणीवरचा माणूसही नव्हता.

संध्याकाळी चाचा ओट्यावर बसले होते. मदिनाबीनं दोनदा आत यायला सांगितलं, ते आले नाहीत. गल्लीतून दोन तरुण मोटारसायकलवर हळू गेले. ओळखीचे नव्हते. थोड्या वेळानं तेच परत आले, घराकडं बघत, आणखी हळू. समोरच्या वच्छलाबाईंनी मुलांना आत घेऊन दार लावलं.

मग शरणबसव चालत आला. चप्पल ओट्याखाली जोडून ठेवली आणि चाचांच्या शेजारी बसला. खिशातला फोन सारखा थरथरत होता. त्यानं तो काढून बंद केला. मदिनाबीनं बाहेर डोकावलं. त्यानं नुसतं एवढंच सांगितलं की घरी कळवलंय, आज इथंच जेवणार.

ती आत तवा ठेवायला गेली. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा तीच मोटारसायकल वळली, या वेळी तिच्यामागं आणखी एक होती. शरणबसव उठला नाही. तो फक्त थोडा पुढं सरकून, चाचांच्या आणि रस्त्याच्या मध्ये बसला.