पंख्याच्या बटणाजवळचे सर

बढती इंग्रजीपायी अडली म्हणून मी राजापेठेतल्या एका क्लासला जायचो. तिथले सर कायम भिंतीवरच्या बटणांजवळ उभे. त्यांची एकच शिस्त होती: इंग्रजीत जे बोललं जाईल, ते तिथल्या तिथे करायचं. ‘टर्न इट ऑफ’ म्हटलं की पंखा बंद.

“पंख्याचं नाव घेतलं त ‘टर्न’ अन् ‘ऑफ’च्या मधात ठेवा, नाई त शेवटी,” ते सांगायचे. “पन ‘इट’ले मधातच बसवा.”

मे महिन्यात सेमाडोहचा एक जंगल-गाईड नवीन आला, आमच्याहून वयानं मोठा. पहिल्याच पाळीला घाबरून म्हणाला, “टर्न ऑफ इट.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

सरांनी पंखा बंद केला.

“तो बोलला, मले समजलं,” ते म्हणाले. “तुमी काहून हासून राहिले?”

आणि तिथूनच पुढे शिकवत राहिले. घामानं वह्या ओल्या झाल्या, तरी पंखा लावा म्हणायची कुणाची हिंमत होईना. बऱ्याच वेळानं तो गाईडच उठला. आमच्याकडे एकदा पाहून हळूच म्हणाला, “टर्न इट ऑन.”

सरांचा हात तोवर बटणावरच होता.